‘नका घेऊ’ म्हणणाऱ्याची पिकअप

गाडी विकणाऱ्या माणसानेच ‘घेऊ नका’ म्हणावं, असा प्रसंग माझ्या आयुष्यात एकदाच आला. आणि मी ती गाडी घेतली.

आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. गोंदियाच्या बाजारात माझं पाण्याचे पंप, पाइप आणि त्यांचे सुटे भाग विकायचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. पंचवीस वर्षं मी वॉशर आणि व्हॉल्व्ह विकतो आहे, आणि तेवढ्यावर आपल्याला यंत्रातलं कळतं असा माझा पक्का समज झाला होता. खरं म्हणजे कुणाचा पंप बिघडला की मी एवढंच म्हणायचो, “मिस्त्रीले दाखव.” पण म्हणताना चेहरा असा करायचो की कारण मला कळलंय, फक्त दुकान सोडून येता येत नाही.

घर गोंदियाला लागूनच, मुर्रीला. घरामागे बोअरवेलची थोडी जमीन. मोठं शेत मात्र चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्याखाली, आणि ते माझं नाही, बायकोचं. तिच्या वडिलांनी तिच्या नावावर करून दिलेलं. कालव्याचं पाणी कधी सुटेल त्याचा भरवसा नसतो, म्हणून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, आम्ही मुर्रीलाच टाकतो आणि रोवणीच्या वेळी उपटून, जुड्या बांधून तिकडे नेतो. तास-सव्वा तासाची वाट. दरवर्षी भाड्याची गाडी करायचो. त्याआधीच्या साली ड्रायव्हर सकाळी सहाला येतो म्हणाला आणि दुपारी दोनला आला. तोवर इकडे जुड्यांनी माना टाकल्या होत्या आणि तिकडे वीस बाया बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात उभ्या होत्या. बायकोने त्या दिवशी ड्रायव्हरचं भाडं चुकतं केलं. गाडी गेल्यावर मला म्हणाली, “आपली गाडी पायजे.”

नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून जुनी बघायची ठरलं. फाल्गुनात दुकानावर कुणीतरी सांगितलं, देवरीला मोहाच्या फुलांचा व्यापार करणारा एक म्हातारा आपली जुनी पिकअप विकायला काढतो आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता चालवणं होत नाही. आठ दिवस तयारी करून मी जायला निघालो.

“मिस्त्रीले संग घेऊन जा,” बायको म्हणाली. बालाघाट रोडवर टिनाच्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री बसतो. आमची स्कूटर वीस वर्षं त्यानेच जिवंत ठेवली होती.

“कायले? मले का समजत नाई का?”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि डब्यात पोळ्या भरायला लागली.

मी एकटाच बसने देवरीला गेलो. आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी एका वहीत टिपणं काढली होती. धूर कुठल्या रंगाचा, टायर कुठून घासलेला, वगैरे. खिशात एक लोहचुंबक होतं. गाडीच्या पत्र्याला ते लावायचं. चिकटलं तर पत्रा, पडलं तर आत पुट्टी भरलेली. हा शोध मला फार आवडला होता.

म्हातारा अंगणात खाटेवर बसून चारोळी निवडत होता. धोतर, बंडी, डोळ्यावर जाड चष्मा. मागे पिकअप उभी होती. मूळची पांढरी असावी.

“काकाजी, गाडी पाहाले आलो. गोंदियावरून.”

“एकटेच आले?”

“हो.”

“मिस्त्री नाई आनला?”

“मले समजते थोडंफार.”

त्याने चष्म्यातून मला नीट पाहून घेतलं. “बरं,” तो म्हणाला. “पाहा मंग.”

मी चुंबक काढलं आणि डाव्या दाराला लावलं. ते टपकन खाली पडलं.

“तिथं पत्रा नाई,” म्हातारा खाटेवरूनच म्हणाला. “सडला होता. पुट्टी भरलो. चुंबक लावाचं असन तं उजव्या दाराले लावा, तिथं चिकटते.”

मी वही उघडली. पण मला काही विचारावंच लागलं नाही. म्हातारा उठला, गुडघ्यावर हात ठेवत गाडीपाशी आला आणि बोनेटवर तळहात टेकवून एकेक सांगायला लागला. “दुसरा गिअर सटकते. हातानं धरून ठेवा लागते. ब्रेक एका डावात लागत नाई, दोन डाव दाबा लागते. रेडिएटर गळते, दर दहा-बारा कोसावर पानी पाजा. मागचा कमानपाटा तुटला होता, वेल्डिंग करून घेतलो. आन डावीकडं वळवली का भोंगा आपोआप वाजते. ते कायनं होते ते मले आजपावतर समजलं नाई.” मग तो थांबला. “मी तुमच्या जागी असतो तं नसती घेतली. भंगारवाल्यालेच देतो म्हटलो होतो. तुमी आले मनून दाखवून राहिलो.”

इथे सरळ माणूस बस पकडून घरी आला असता. पण मी दुकानदार. माझ्या दुकानात जो पंप तीन-तीन वर्षं खपत नाही, त्याचीच मी सगळ्यात जास्त तारीफ करतो. चांगल्या पंपाबद्दल काही बोलावं लागत नाही. हेच मी उलटं फिरवलं. हा माणूस मालाची एवढी निंदा करतोय, म्हणजे त्याला तो विकायचाच नाही. म्हणजे माल उत्तम. पोरांनी विकायला लावलं असेल, याचा जीव अडकलाय. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी मनातल्या मनात हसलोसुद्धा.

“काकाजी,” मी म्हटलं, “मी घेतो.”

“आयकलं का तुमी मी का म्हटलो ते?”

“आयकलं. घेतो.”

त्याची बायको दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारला. त्या वेळी मला वाटलं, गाडी जाते म्हणून तिला वाईट वाटतंय.

कागद झाला. म्हाताऱ्याने माझा नंबर लिहून घेतला. मग विचारलं, “घरी कोन हाये?”

“बायको.”

“तिचाबी नंबर लिवा.”

मी लिहिला.

देवरीहून आमगावच्या रस्त्याने निघालो. लायसन्स माझ्याकडे तरुणपणापासून होतं, पण चारचाकी चालवण्याचा अनुभव म्हणजे एका साडभावाच्या, म्हणजे साडूच्या, जीपने दोन वेळा मैदानाला मारलेले फेरे. तरी पहिले काही मैल बरे गेले, कारण रस्ता सरळ होता. मग पहिलं डावं वळण आलं आणि भोंगा वाजला. मी दचकून पाय ब्रेकवर दिला. ब्रेक पहिल्या डावाला लागला नाही. दुसऱ्या डावाला लागला तोवर मी एका गावच्या आठवडी बाजाराच्या तोंडाशी होतो, भोंगा चालूच होता, आणि समोर डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी होती.

“कायले बोंबलून राहिला रे!” ती ओरडली. “रस्ता का तुह्या बापाचा होय?”

“आजी, मी नाही वाजवत, तो आपोआप—”

“आपोआप!” तिने बाकीच्या बायांकडे पाहिलं. “आयका! आपोआप वाजते मनते!”

देवरी ते आमगाव या रस्त्याला डावीकडची वळणं किती आहेत, हे मी आता कुणालाही झोपेतून उठवलं तरी सांगू शकतो. दुसरा गिअर धरून ठेवायला डावा हात गुंतलेला, त्यामुळे स्टेअरिंग एका हातात. आमगावच्या अलीकडे बोनेटमधून वाफ यायला लागली. मी डब्यासोबतचं प्यायचं पाणी रेडिएटरला पाजलं आणि पोळ्या कोरड्याच खाल्ल्या. आमगावच्या पुढे इंजिनाने एक मोठा सुस्कारा टाकला आणि ते थांबलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी वही उघडली. वहीत ‘गाडी थांबल्यास’ असं पानच नव्हतं.

शेवटी विटा टाकून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने दोर बांधला आणि मला गोंदियापर्यंत ओढत आणलं. मुर्रीत शिरताना नेमकी संध्याकाळची वेळ. पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या लहान पुलाच्या कठड्यावर, ओळखीची सात-आठ माणसं बसलेली. पुढे ट्रॅक्टर, मागे दोराला मी, आणि घराकडचं वळण डावं. भोंग्याने सगळ्या गावाला बोलावलं.

“भाऊ, गाडी घेतली का?” एकाने विचारलं.

“हो.”

“ट्रॅक्टर का मागची?”

बायको फाटकाशी उभी होती. ट्रॅक्टरवाला दोर सोडून गेला. मी उतरलो. दिवसभराचा घाम, धूळ, वरून ते पुलियावरचं हसू. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “फसवलं त्या म्हाताऱ्यानं. काहीच सांगतलं नाई.”

ती माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, “असं का,” आणि पाणी आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. गोंदिया शहरातला माणूस, हिंदीच बोलतो. गाडीभोवती त्याने एक फेरी मारली. खाली वाकून पाहिलं. उठून हात पुसले.

“सेठजी, देखने कौन गया था?”

“मैं गया था.”

“हां,” तो म्हणाला. “फिर ठीक है.”

दहा मिनिटांत त्याने सगळे दोष मोजून दाखवले. दुसरा गिअर, ब्रेक, रेडिएटर, पाटा, भोंगा. म्हाताऱ्याने सांगितले होते तेच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

“बेचनेवाले ने कुछ बताया नहीं?”

बायको तुळशीला पाणी घालत होती. मी म्हटलं, “नहीं.”

“बड़ा बेईमान आदमी निकला.”

मी मान हलवली. त्या दिवशी मला ती मान हलवणं काहीच वाटलं नाही.

दुरुस्ती आमच्याच अंगणात, कडुनिंबाखाली सुरू झाली. मिस्त्री आठवड्यातून दोन-तीनदा दुपारनंतर यायचा. गिअरबॉक्स उतरवला, ब्रेकची सगळी नळी बदलली, रेडिएटर काढून गोंदियाला झाळायला दिला. मी ठरवलं, नुसतं बघत बसायचं नाही. सोपी कामं आपण करायची. पहिलं सोपं काम म्हणजे सीट. सीट काढली तर खाली वाळलेल्या मोहाची मूठभर फुलं, एक अर्धी फणी आणि उंदरांचं घर. सगळं साफ करून सीट परत बसवली. आठ नट काढले होते, आठही लागले, आणि हातात एक नववा उरला. तो कुठला, हे मिस्त्रीलाही सांगता आलं नाही. “संभाल के रखो,” तो म्हणाला, “कभी गाड़ी खुद बता देगी.”

दुसरं सोपं काम रंगाचं. दुकानात पंपांना मारायचा हिरवा रंग पडून होता. मी दोन रविवार खपून तो मारला. डब्यावर तो गडद दिसायचा, पत्र्यावर वाळल्यावर कारल्यासारखा झाला. ब्रशचे केस जागोजागी चिकटले. मिस्त्री आला, त्याने पाहिलं, आणि पहिल्यांदाच बिडी न पेटवता तशीच हातात धरून उभा राहिला.

आणि वास. त्या डाल्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, कित्येक वर्षं मोहाची फुलं वाहिली गेली होती; खालच्या लाकडी फळ्यांत तो गोड, आंबूस वास मुरलेला. ऊन चढलं की अंगणात दारूची भट्टी लावल्यासारखं वाटायचं. मी फिनाइल टाकून धुतलं, तर दोन्ही वास एकत्र झाले. गल्लीतल्या गायी फाटकाशी येऊन उभ्या राहायला लागल्या. एक तर आत शिरून मागचा फाळका चाटायची. मी कधी थेंबाला शिवलेलो नाही, मंगळवारी भजनाला जातो. पण त्या उन्हाळ्यात भजनात माझ्या शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. विचारावं तर काय विचारावं! शेवटी बायकोने फळ्याच बदलून घेतल्या. ते मला सुचलं नव्हतं.

तिला बरंच काही सुचायचं. मिस्त्रीने मागायच्या आधी ती बरोबर पाना उचलून द्यायची. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा मी टाळी वाजवली, आणि ती कान देऊन म्हणाली, “एक सिलिंडर मागं पडून राहिला.” मिस्त्री चमकला. तिचं म्हणणं खरं निघालं. लग्नाआधी ती वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची, हे मला माहीत होतं. पण बायकोला शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं हे जसं माहीत असतं, तसं.

वैशाखात गाडी तयार झाली. पहिला मान अर्थातच माझा. मी बसलो, चावी फिरवली, मोठ्या रुबाबात मागचा गिअर टाकला आणि आमच्याच फाटकाचा उजवा खांब पाडला. हा खांब माझ्या वडिलांनी उभा केला होता. त्याला पडायला तीन सेकंद लागले. ब्रेक आता एका डावात लागत होता, पण मी सवयीने दुसऱ्या डावाची वाट पाहत बसलो होतो.

मिस्त्री विटांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, “भाभीजी को बैठने दो.”

ती बसली. चपला काढून खाली ठेवल्या. पदर कमरेला खोचला. गाडी विटांच्या बाजूने अशी अलगद काढली की एक वीटही हलली नाही. मुर्रीच्या टोकापर्यंत गेली, वळवली, परत आली. उतरली तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहरा खुललेला. मी म्हटलं, “दुसरा गिअर बरा पडते का?” ती म्हणाली, “पडते.” महिन्या-दीड महिन्यात तिने लायसन्स काढलं. तेव्हापासून मी डावीकडे बसतो.

आता या गोष्टीतला वाईट भाग.

‘म्हाताऱ्याने फसवलं’ हे वाक्य मी पहिल्या दिवशी लाज झाकायला बोललो. पण ट्रॅक्टरमागची वरात गावभर झालेली, त्यामुळे जो तो विचारायचा, आणि मी सांगायचो. दुकानावर, भजनात, लग्नाच्या पंगतीत. सांगता सांगता गोष्ट वाढली. आधी म्हाताऱ्याने दोष लपवले. मग त्याने मला चहा पाजून बोलण्यात गुंतवलं. मृग लागेपर्यंत तर तो नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लागला होता. लोक हळहळायचे. मूर्ख असण्यापेक्षा फसलेला असणं फार सोयीचं.

आषाढाच्या सुरुवातीला एक शेतकरी दुकानात आला. पस्तिशीचा असेल. फूटव्हॉल्व्ह पाहिजे होता. कुठून आलात विचारलं, तर देवरीकडचा. झालं. मी सवयीने सुरू केलं, “तुमच्या देवरीच्या एका म्हाताऱ्यानं मले बराच धडा शिकवला बाप्पा,” आणि शपथेपर्यंत सगळं सांगितलं.

तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, “कोन? मोहाचा धंदा करते तो?”

“तोच.”

त्याने हातातला व्हॉल्व्ह काउंटरवर ठेवला. “माह्या बापानं तीस वर्षं त्याले मोहा देला. मापात मूठभर इकडचं तिकडं झालं नाई. आमी जास्त मोजलो तं तो वापस कराचा. तो मानूस खोटा बोलन?”

“मी काय खोटं बोलून राहिलो का?” मी म्हटलं.

“मी त्यालेच इचारतो,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह राहू द्या. दुसरीकडून घेतो.”

तो गेला. मागे पाइपांच्या थप्पीशी बायको उभी होती. माझा डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. डबा काउंटरवर ठेवून ती म्हणाली, “जेवून घ्या,” आणि स्टुलावर बसून राहिली.

संध्याकाळी तिच्यासोबत घरी निघालो. बाजारातल्या गर्दीत एक हातठेला आडवा झाला होता, म्हणून गाडी थांबली. इंजिन चालू, समोर भाजीवाल्यांची भांडणं. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, “त्यानं सांगतलं होतं. गिअर, ब्रेक, सगळं. घेऊ नका म्हटलं होतं.”

“मले मालूम हाये.”

“कसं?”

“त्याच दिवशी त्याचा फोन आला होता. तुमी पोचाच्या आधी.” ती समोरच बघत होती. “म्हने, बाई, तुमचे मालक गाडी घेऊन निघाले. मी नका घेऊ म्हटलो, त्यायनं आयकलं नाई. पोचले नाई तं मले कळवजा. आन गाडी वापस कराची असन तं उद्याच करा, मी पैसे देऊन देतो.”

मी तिच्याकडे वळलो. “मंग तू वापस काऊन नाई केली?”

“मले गाडी पायजे होती.”

ठेला बाजूला झाला. तिने पहिला गिअर टाकला.

“आन मले का म्हटली नाई मंग?”

“तुमी कवा सांगता ते पाहून राहिली होती.”

“तीन महिने?”

“साडेतीन.”

ती रागावलेली नव्हती; ते मला जास्त लागलं. मला सारखा तो फोन दिसत होता. इकडे मी फाटकापाशी त्याला लबाड ठरवत होतो, आणि त्याने त्याआधीच चष्मा लावून, नंबर दाबून सांगितलं होतं, की माणूस पोचला नाही तर कळवा.

दुसऱ्याच दिवशी देवरीला जाऊन पाय धरायला हवे होते. पण मी म्हटलं, रोवणी होऊ दे. रोवणी झाली, आणि उत्तम झाली. पहाटे पऱ्ह्यांच्या जुड्या भरून निघालो आणि सातच्या आत कालव्यावर पोचलो. बाया अजून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून तंबाखू मळत होत्या. त्यांतली एक म्हणाली, “बाई, यंदा ड्रायव्हर येळेवर आला तुमचा!” बायको चिखलात उतरता उतरता इतकी हसली की तिचा तोल गेला. चार दिवस ती गाडी आणि ती, दोघी थांबल्या नाहीत. मी जुड्या उतरवून द्यायचं काम केलं, आणि ते बऱ्यापैकी जमलं.

मग मी म्हटलं, पोळा होऊ दे. पोळाही झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी चहा पीत होतो, तर अंगणात इंजिन चालू झालं. मी बाहेर आलो. ती गाडीत बसली होती.

“चला देवरीले,” ती म्हणाली.

वाटेत मी बोलायची वाक्यं पाठ करत होतो. म्हातारा त्याच खाटेवर होता. तो माझ्याकडे आला नाही. उठून आधी गाडीकडे गेला. बायकोला विचारलं, “तुमी चालवत आनली?”

“हो, काकाजी.”

“गिअर?”

“नवा टाकला. सटकत नाई.”

“भोंग्याचं का निंगलं?”

“स्टेअरिंगखाली एक तार घासत होती.”

“तार!” तो म्हणाला. “बारा वर्षं मले वाटे, का गाडीतच भूत हाये.” मग त्याने पत्र्यावरून हात फिरवला. “हा रंग कोनं मारला?”

“मी,” मी म्हटलं. आणि पाठ केलेलं सगळं विसरून तिथंच सुरू झालो, “काकाजी, मी तुमचं नाव खराब केलो. तुमी फसवलं असं सांगत फिरलो.”

“मालूम हाये. तो पोरगा आला होता इचाराले. लय तपून होता.”

“तुमाले राग आला असन.”

“आला. दोन दिवस मले जेवन गोड लागलं नाई.” त्याने दाराकडे बोट दाखवलं, जिथे त्याची बायको येऊन उभी होती. “मंग ही म्हने, तुमचीच चूक हाये. गिऱ्हाइकाले असं सांगते का कोनी? तो घाबरन नाई तं पागल होईन.” तो हसला नाही. चष्मा काढून पुसला. “नाव माहं तुमी बाजारात खराब केले, तं बाजारातच साफ करा. जितक्यायले सांगतलं, तितक्यायले जाऊन सांगा. मले सांगून का होते?”

ते मी केलं. त्याला जवळजवळ दिवाळी उजाडली. यादी वहीतच लिहिली, तेवढा तरी तिचा उपयोग झाला. खोटी गोष्ट सांगताना लोक हळहळत होते, खरी सांगताना चहा मागवून, शेजारच्यांना बोलावून ऐकायचे आणि म्हणायचे, “ते चुंबकाचं परत सांग.” मिस्त्रीला सांगायला गेलो तर तो म्हणाला, “सेठजी, बेईमान आदमी बीवी का नंबर नहीं लेता. भाभीजी ने उसी हफ्ते बता दिया था.” देवरीच्या त्या शेतकऱ्याला मी फूटव्हॉल्व्ह नेऊन दिला. त्याने घेतला, पण फार बोलला नाही.

त्या रविवारी मात्र म्हाताऱ्याने एवढं बोलून विषय संपवला. जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर तो बायकोला म्हणाला, “बाई, एक काम कराल का? आतमंदी जंगलाकडं एक गाव हाये. मी मोहा आनाले जात होतो. गाडी बंद झाल्यापासून गेलो नाई. वरीस होत आलं.”

“चला ना.”

त्याची बायकोही निघाली. तिने नवं लुगडं नेसलं, डोक्याला तेल लावलं. पुढे तिघांची जागा: स्टेअरिंगवर बायको, मध्ये म्हातारी, खिडकीशी म्हातारा. मी मागे डाल्यात चढलो.

रस्ता सागाच्या जंगलातून जात होता. पुढे डांबर संपलं. गाव दिसायच्या आधीच माणसं घरांतून बाहेर येऊन उभी होती. इंजिनाचा आवाज ओळखून आली होती. गाडीचा रंग पाहून ती जरा गोंधळली, मग खिडकीत म्हातारा दिसला आणि सगळे जवळ आले. कुणी गोंडीत बोललं, कुणी मराठीत. म्हातारा उतरला, आणि एका आंधळ्या माणसाने त्याचा हात हातात धरून ठेवला, बराच वेळ सोडला नाही. म्हातारी बायांमध्ये जाऊन बसली. मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मी डाल्यातच उभा राहिलो, आणि लोकांना मी हमाल वाटलो असणार, कारण एकेक जण येऊन माझ्या हातात वस्तू द्यायला लागला. दोन कोहळे. एक टोपलं काकड्यांचं. पानात बांधलेला मध. केळीचा घड. “बुढ्यासाठी हाये,” एक बाई मला बजावून म्हणाली, “रस्त्यात खाजो नको.”

परतताना मी त्या सगळ्याच्या मधोमध बसलो होतो. एक कोहळा पायांनी धरलेला, दुसरा मांडीवर, मधाची पुडी छातीशी. केबिनच्या मागच्या काचेतून तिघांची डोकी दिसत होती. बायको काहीतरी सांगत होती, एक हात स्टेअरिंगवर, दुसरा हवेत. म्हातारी तिच्या खांद्यावर चापट मारत होती. काय बोलत होते ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण मधूनच तिघंही वळून काचेतून माझ्याकडे बघायचे आणि परत हसायला लागायचे.